कावळ्यासमोरचा शब्द

अण्णांच्या दहाव्याला कावळा पाऊण तास शिवत नव्हता.

गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, त्या सकाळी आमच्यासारखी आणखी सहा-सात कुटुंबं होती. त्यांचे कावळे आले, शिवले, ती माणसं ओले टॉवेल पिळून चहाला गेली. आमचा पिंड ठेवला होता तसाच होता. गुरुजींना पुढचं काम होतं. ते दर दोन मिनिटांनी मोबाईलवर वेळ बघत आणि म्हणत, "त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर बोला. नाहीतर मी दर्भाचा कावळा करतो."

मग बोलणं सुरू झालं. अण्णांचे धाकटे भाऊ सोमनाथकाका क्रियेला बसले होते. त्यांनी हात जोडले. "अण्णा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. चांदवडहून आलेली नवसाआत्या डोळे पुसत पुढे झाली.

"अण्णा, तुझी तेजू बिनलग्नाची राह्यली म्हणून जीव अडकला का रे? नको काळजी करू. वरीस व्हायच्या आत तिचा बार उडवून देतो आम्ही."

पिंपळाच्या खालच्या फांदीवर बसलेला कावळा उडाला आणि आणखी वर जाऊन बसला. मी अडतीस वर्षांची आहे. त्या सकाळी तिथे जमलेल्या सगळ्यांमध्ये मला तो एकटाच समजूतदार वाटला.

शेवटी हर्षल पुढे आला. हा अण्णांच्या फोटो क्लबचा अध्यक्ष. दशक्रियेला तो खिशाखिशांचं खाकी जाकीट घालून आला होता आणि गळ्यात हातभर लांबीची लेन्स लावलेला कॅमेरा होता. आल्यापासून तो कावळ्यावर नेम धरून बसला होता. मला म्हणाला होता, "ताई, तो टच होताना एक फ्रेम मिळाली तर अण्णांसाठी मोठी गोष्ट होईल." अण्णांसाठी काय होणं आता बाकी होतं, ते मी त्याला विचारलं नाही.

गुरुजींनी दर्भ हातात घेतलेले बघून हर्षलने कॅमेरा पिशवीत टाकला, चेन लावली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णा, तुमचा कॅमेरा मी कधीच बंद पडू देणार नाही. शब्द देतो."

कावळा सरळ खाली आला आणि शिवला.

आत्याने हंबरडा फोडला. "बघा! फोटूच्या मशीनीत जीव होता माझ्या भावाचा!" सोमनाथकाकांनी हर्षलच्या खांद्यावर हात ठेवला. गुरुजींनी दर्भ पिशवीत टाकले. आणि अण्णांचा कॅमेरा हर्षलचा झाला.

मी जे पाहिलं ते एवढंच होतं की पाऊण तास त्या कावळ्यावर एक काळी नळी रोखलेली होती आणि ती पिशवीत गेल्यावर तो खाली उतरला. अशी नळी रोखली असती तर मीही खाली उतरले नसते. रिक्षात बसल्यावर मी हे आईला सांगितलं. आई रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "मग तुला दिसत होतं तर त्याला सांगितलं का नाय, नळी खाली ठेव म्हणून?"

 

अण्णांनी तो कॅमेरा अकरा वर्षांपूर्वी घेतला, निवृत्त झाल्यावर. त्याआधी तीस वर्षं ते पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या तपासणीवर होते. घड उचलायचा, उजेडात धरायचा, फिरवायचा, मण्यावर डाग आहे का बघायचं, ठेवायचा. बघण्याचीच नोकरी होती ती. दुकानात सेल्समनने त्यांच्यापुढे मोठमोठे कॅमेरे मांडले तेव्हा अण्णांनी दोनच प्रश्न विचारले. पावसात चालेल का? आणि ओल्या हाताने बटण दाबता येईल का? त्याने जरा नाराजीने कपाटातून एक लहानसा काढून दिला. तळहातात मावणारा, पण हातात घेतला की वजन कळायचं. आत धातूचं अंग, वर खरखरीत रबर, प्रत्येक सांध्याला पाणी-धूळ अडवणारी पट्टी. डोळा लावला की आत स्वच्छ, मोठं, खऱ्या काचेतून आलेलं चित्र दिसायचं. अण्णांना तो आवडला आणि त्याबद्दल ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत. चांगल्या विळ्याबद्दल कोणी रोज बोलत नाही.

बोलायचं काम क्लबने केलं. एका रविवारी धरणाच्या बाजूला हर्षलला अण्णांच्या गळ्यात तो कॅमेरा दिसला आणि त्याने मोटार थांबवली. "अण्णा, हा तुमच्याकडे आहे? अहो, हा म्हणजे रणगाडा आहे! एवढ्या छोट्या अंगात एवढी मजबुती आता कोणी देत नाही." अण्णांचा एकही फोटो न बघता त्यांना क्लबात घेण्यात आलं.

हा क्लब गंगापूर रोडवर एका कॅफेच्या वरच्या हॉलमध्ये दर पंधरा दिवसांनी जमतो. अण्णांना न्यायला-आणायला मी दोन-चार वेळा गेले आहे. दहा-बारा पुरुष, त्यातले बरेचसे आपापल्या पोटापाण्यात सुखी, टेबलावर कॅमेरे मांडून बसतात. फोटो क्वचितच निघतात. चर्चा असते ती सांध्यांच्या पट्ट्यांची. कोणता कॅमेरा वाळवंटात चालतो, कोणता बर्फात, कोणता हातातून दगडावर पडला तरी उठून उभा राहतो. ही माणसं नाशिकच्या बाहेर फार तर भंडारदऱ्यापर्यंत जातात आणि रात्री घरी जेवायला असतात. पण मनाने सगळी मोहिमेवर. एकदा नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलेले असताना पाच मिनिटं भुरभुर आली. सगळ्यांनी आपापले पाण्याला न भिणारे कॅमेरे जाकिटाच्या आत घातले आणि मोटारींकडे पळाले. अण्णा काठावर उभे राहिले, शर्टाच्या टोकाने काच पुसत. घरी येऊन मला म्हणाले, "तेजू, त्यांचे कॅमेरे पावसाला भीत नाहीत गं. तेच भितात."

क्लबच्या स्पर्धेला एकदा विषय होता 'पाऊस'. बाकीच्यांनी छत्र्या दिल्या, डबकी दिली, डबक्यांतल्या छत्र्या दिल्या. अण्णांनी द्राक्षाच्या पानाची खालची बाजू दिली. त्यावर पांढरी लव होती, तलम, एकेक तंतू मोजता येईल अशी.

"हे काय आहे अण्णा?" परीक्षकाने विचारलं.

"डावणी."

"विषय पाऊस होता."

"पावसानंच येते."

हर्षल म्हणाला, "अण्णा, पानं टपरीवरच बरी!" आणि हॉल हसला. अण्णाही हसले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हसल्याबद्दल.

अण्णा ते पान स्पर्धेसाठी काढायला गेले नव्हते. पिंपळगावच्या बागाईतदारांचे त्यांना फोन यायचे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पानांवर डावणी दिसते का ते बघावं लागतं. डावणी म्हणजे बुरशी. दोन दिवस उशीर झाला तर घड हातचा जातो. पुण्यात द्राक्षांचे एक सल्लागार आहेत, त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. त्यांना फोटो पाठवायचा, ते औषध सांगतात. पण पावसात मोबाईल चालत नाही. काचेवर थेंब पडले की तो बोटाचं ऐकत नाही. अण्णा पहाटेच्या एसटीने जायचे, भिजत भिजत ओळीओळीतून फिरायचे, फोटो काढायचे. फवारणी चालू असली तरी थांबायचे नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याच्या सांध्यासांध्यांत फिकट निळा रंग बसला होता. तो मोरचुदाचा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो बागेवर मारतात, ते उडून बसलेलं.

संध्याकाळी ते मला पानं दाखवायचे. मी 'छान' म्हणायचे. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, दिवसभर शब्दांच्या राशीत बसते. अकरा वर्षांत मी त्या फोटोंना याहून मोठा शब्द दिला नाही.

चौदाव्या दिवशी हर्षल कॅमेरा न्यायला आला. बरोबर कुंदन होता, क्लबचा खजिनदार, ज्याला लेन्समधलं सगळं कळतं असं समजतात. आईने कॅमेरा अण्णांच्या पंच्यात गुंडाळून दिला. हर्षलने पंचा सोडवून खुर्चीवर ठेवला आणि लगेच कॅमेरा उलटासुलटा करू लागला.

"शटर काउंट बघ रे," तो म्हणाला. आजवर किती वेळा बटण दाबलं गेलं, तो आकडा. कुंदनने आपला लॅपटॉप उघडला, वायर जोडली आणि शीळ घातली. भिंतीवर अण्णांचा हार घातलेला फोटो होता, त्याच्या बरोबर खाली.

"एक लाख सदतीस हजार! अण्णांनी पार पिळून काढलाय."

"असू दे," हर्षल म्हणाला. "पण बॉडी बघ. बॉडी कसली टिकलीय!"

बॉडी हा शब्द मी त्या पंधरवड्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. आधी दवाखान्यात ऐकला होता. "बॉडी किती वाजता नेणार?" असं तिथल्या माणसाने विचारलं होतं, आणि त्याच्या आवाजात हर्षलपेक्षा जास्त संकोच होता.

मी आत जाऊन चहा टाकला. ते पंच्यासकट कॅमेरा घेऊन गेल्यावर आईला म्हणाले, "द्यायला नको होता."

"कावळ्यापुढं शब्द झालाय."

"शब्द त्याने दिला. आपण नाही."

"तेच ते. ज्यानं दिला त्यानं पाळावा. आपण मधी पडलं आणि त्यांचा जीव पुन्हा कुठं अडकला मंग? तू येशील का सोडवायला, तुझ्या पुस्तकांतलं वाचून?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "त्यानं आपणहून परत दिला तर गोष्ट वेगळी."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजात माझा फोन वाजला.

"तेजूताई का? केरू बोलतोय, पिंपळगाववरून. अण्णा यायचे ना आमच्याकडं."

अण्णांच्या तोंडून हे नाव मी पुष्कळदा ऐकलं होतं. "बोला केरूभाऊ."

"अण्णांचा कॅमेरा कुठं हाय?"

"का?"

"पानावर कायतरी दिसतंय. मोबाईलनं फोटू काढून डॉक्टरांना पाठिवला, तर ते म्हनले, ही डावणी हाय का तुझा अंगठा हाय, कळंना. मोबाईल ओला झाला का नाय ऐकत हो. बायकोचं नाव दाबलं तर मेव्हण्याला फोन लागतोय. दोघांच्या बी शिव्या."

"तो कॅमेरा आता आमच्याकडे नाही. क्लबमधल्या एकांकडे आहे."

"मंग ते येतील का?"

मी हर्षल चिखलात उभा आहे असं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. "नाही येणार."

"मंग मागून घ्या की. आपलाच हाय ना?"

खरं सांगायचं तर केरूच्या पानांची मला फारशी चिंता नव्हती. तीन महिने मला एकच हवं होतं, ती वस्तू त्या माणसाच्या घरातून बाहेर काढणं. केरूने फक्त निमित्त दिलं. संध्याकाळी कॉलेजातून मी सरळ हर्षलच्या घरी गेले.

हर्षलचा फ्लॅट गंगापूर रोडलाच आहे, प्रशस्त. त्याची आई चिमणाबाई हॉलमध्ये जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. कुंदन सोफ्यावर होताच. त्याला स्वतःचं घर आहे की नाही कोण जाणे. हर्षल लंगडत आला. घोट्याला पट्टी होती.

"या ताई, या! बरं झालं आलात. तुम्हाला दाखवायचंच होतं."

कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढं काचेचं कपाट होतं. आत निळसर दिवा, दारावर हवेतल्या दमटपणाचा आकडा. वरच्या कप्प्यात, मखमलीच्या तुकड्यावर, एकटा अण्णांचा कॅमेरा. पुढे छापील पाटी: 'कै. गोरक्षअण्णा यांच्या स्मृतीस.' त्याखाली कॅमेऱ्याचं वजन, धातू आणि पट्ट्यांची संख्या. अण्णांबद्दल पाटीवर एवढंच होतं की ते कैलासवासी आहेत.

कॅमेरा मी ओळखलाच नाही. रबर नवं काळंभोर होतं. निळा रंग कुठेच नव्हता.

"कसा दिसतोय?" हर्षल म्हणाला. "अहो, सगळ्या सांध्यांत निळी बुरशी होती. अण्णांचं जरा दुर्लक्षच झालं होतं म्हणा. कुंदनने कान साफ करायच्या काड्या घेऊन दोन दिवस बसून एकेक फट काढली."

"दोन दिवस," कुंदन म्हणाला. "मान आखडली."

"ती बुरशी नव्हती," मी म्हणाले. "मोरचूद होतं."

"काय?"

"बोर्डो. द्राक्षावर मारतात. बुरशी मरावी म्हणून."

 मग कुंदन सोफ्यावर पुढे सरकला. "म्हणजे अण्णांनी मुद्दाम लावलं होतं? बुरशी होऊ नये म्हणून? च्यायला, हर्षल, हे आपण क्लबमध्ये करून बघितलं पाहिजे."

मेथी निवडता निवडता चिमणाबाईंनी मान वर केली. "मोरचूद? आमच्याकडं बी मारायचे की माझे सासरे. निळे हात घेऊन जेवायला बसायचे मेले." आणि पुन्हा खाली बघून काड्या वेगळ्या करू लागल्या.

"हर्षल," मी म्हणाले, "चालू करून दाखवा ना जरा."

"चालू? बॅटरी काढून ठेवलीय हो. असा ठेवायचा तर बॅटरी काढावीच लागते, नाहीतर आत फुटून वाहते."

"म्हणजे बंद आहे."

"बंद म्हणजे... जपून ठेवलाय, ताई."

"कधीपासून?"

"आणला तेव्हापासून. एकदा व्हिडिओसाठी काढला होता. बाटलीभर पाणी ओतलं आम्ही त्याच्यावर, बाल्कनीत, ढिम्म नाही! लोक वेडे झाले बघून."

"गंगेवर तुम्ही काय म्हणाला होतात?"

हर्षल हसला. "म्हणालो ना, काळजी घेईन म्हणून. ही काय, बघा की."

"काळजी नाही म्हणालात. 'कधीच बंद पडू देणार नाही' म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं. 'शब्द देतो' असंही म्हणालात. मग कावळा शिवला."

मेथीचा आवाज थांबला.

"काय रे हर्षल?" चिमणाबाई म्हणाल्या. "कोनाचा कावळा?"

"आई, काही नाही. अण्णांच्या दहाव्याला—"

"तू गेल्या मानसाला शब्द दिला? पिंडापुढं?"

"आई, ते तसं नसतं."

"मंग कसं असतं? त्याला सांगितलं बंद पडू देत नाय, तो बिचारा तेवढ्यावर गेला, आणि तू इकडं काचंत घालून बसला? काढ ते बाहेर. काढ आधी."

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. खालच्या आवाजात, इंग्रजी शाळेतल्या मुलाने दुसऱ्या तसल्याच मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "ताई, तुम्ही एवढं वाचता. तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे?"

"नाही."

"मग?"

"तुमचा होता ना, शब्द दिलात तेव्हा? आणि नसेल, तर माझ्या आईसमोर ते काय चाललं होतं?"

तो कपाटाकडे वळला. मग म्हणाला, "अण्णा मित्र होते माझे. मला खरंच आवडायचे ते." त्याचा आवाज खरा वाटला. त्यामुळे मला जास्त राग आला. अकरा वर्षं ज्याला ते पान कसलं आहे ते विचारावंसं वाटलं नाही, त्याने खऱ्या आवाजात बोलू नये.

मी त्याच्या पट्टीकडे बघितलं. "पायाला काय झालं?"

"काही नाही हो, जिन्यात पाय मुरगळला."

"कधी?"

एवढा एक प्रश्न मी विचारला नसता तरी चाललं असतं. चिमणाबाई मेथीची जुडी तशीच टाकून उठल्या होत्या. "पितरपाठात!" त्या म्हणाल्या. "ऐन पितरपाठात पडला हा. दोन महिने झाले, डॉक्टर म्हणतो हाड बरोबर हाय, तरी लंगडतोय. आता कळलं. दे ते तिला. मी सांगते, दे. आणि पाया पड त्या मशीनीच्या."

पाया तो पडला नाही. कपाट उघडलं, कॅमेरा काढला, ड्रॉवरमधून बॅटरी, चार्जर आणि पिशवी आणून माझ्या हातात दिली. अण्णांचा पंचा पिशवीतच होता, घडी करून. ही घडी बहुधा चिमणाबाईंची असावी. दारापर्यंत हर्षल लंगडत आला.

"ताई, एक सांगू? पावसात नका नेऊ हं. पट्ट्या जुन्या झाल्यात आता. नवीन मिळत पण नाहीत या मॉडेलच्या."

तीन महिने काचेत ठेवून ज्या गुणासाठी त्याने त्याची पूजा केली, तो गुण वापरू नका एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी बरं म्हणाले.

घरी आईने पिशवी बघितली. "त्यानं आपणहून दिला?"

"त्याच्या आईने द्यायला लावला."

आईने जरा विचार केला. "चालंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीने पिंपळगावला गेले. पाऊस पडतच होता. केरू स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता, पन्नाशीचा, डोक्यावर खताची रिकामी पिशवी. मला पाहून त्याने आधी गळ्यातल्या कॅमेऱ्याला रामराम केला.

"हा नवा घेतला का काय?"

"तोच आहे. धुतलाय."

"कशाला धुतला?" तो म्हणाला. पिशवीतून एक टोक बाहेर आलं होतं, त्याकडे बघून म्हणाला, "पंचा बी तोच दिसतोय."

बागेत ओळीच्या तोंडाशी ड्रममध्ये मोरचूद भिजत घातलेलं होतं, शेजारच्या उशिरा छाटलेल्या प्लॉटसाठी. केरूने मला ओळीत नेऊन एक पान उलटं करून दाखवलं. मी उभी राहूनच कॅमेरा डोळ्याला लावला. पाणी मानेवरून आत गेलं. काचेतून सगळं पांढुरकं दिसत होतं. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, वीस-पंचवीस वेळा दाबलं. हातातली ती जड, लहान वस्तू प्रत्येक वेळी खट् असा आवाज करत होती आणि पावसाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. जे काही चुकत होतं ते तिच्या मागच्या बाजूला होतं.

केरूने मागच्या पडद्यावर वाकून बघितलं. "ताई, अण्णा उभ्यानं नव्हते काढत."

"मग?"

"खाली बसायचे. गुडघ्यावर. पानाच्या खाली जायचे. पान हातात धरून उलटं केलं का लव पुसती ना. असं न हलवता, खालून बघायचं."

अकरा वर्षं अण्णांची पँट गुडघ्यांवर मातीने भरलेली असायची. आई त्यावरून बोलायची आणि मला वाटायचं, बसमध्ये पडतात की काय.

मी चिखलात गुडघे टेकले. खालून बघितल्यावर पान वेगळंच होतं. वरचा उजेड त्यातून गाळून येत होता, शिरा दिसत होत्या आणि शिरांच्या कडेला ती पांढरी लव. स्पर्धेच्या हॉलमध्ये मी ती भिंतीवर पाहिली होती, आणि छान म्हणाले होते. आणखी सात-आठ फोटो काढले, तोवर केरू ओळीच्या तोंडाशी जाऊन ड्रम हाताने ढवळून आला. उठताना तोल गेला तेव्हा केरूने हातातला कॅमेरा पटकन धरला. त्याचे हात ड्रममधून नुकतेच बाहेर आलेले होते. नव्या काळ्या रबरावर त्याचा अंगठा निळा उमटला.

"पुसतो थांबा," तो म्हणाला.

"राहू दे."

घरी येऊन मी फोटो लॅपटॉपवर घेतले. एकतीसपैकी सत्तावीस नुसते धूसर होते. चार केरूला पाठवले, त्याने डॉक्टरांना. आई पंचा धुऊन वाळत घालत होती. तिने टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, त्या निळ्या ठशाकडे बघितलं आणि फडक्याने त्याच्या बाजूबाजूने माती पुसली.

"चालू हाय का?"

"आहे."

दिवेलागणीला केरूने डॉक्टरांचा निरोप जसाच्या तसा मला पुढे पाठवला. 'फोटो हललेले आहेत. कोणी काढले? डावणी वाटते, पण खात्री नाही. उद्या नीट काढून पाठवा.' त्याखाली केरूचं स्वतःचं होतं, बोललेलं. मागे पाऊस ऐकू येत होता.

"ताई, डॉक्टर म्हनत्यात हाललाय. पहिल्या दिवशी अण्णांचे बी हालले होते, वाईट नका वाटून घेऊ. उद्या या. अण्णांचं गोणपाट हाय इथं, गुडघ्याखाली घ्यायचं. सकाळी ध्यानातच राह्यलं नाय बघा."

मी उद्याची रजा टाकली आणि बॅटरी चार्जिंगला लावली.